निवडणटिपण

बेड सोळा. गोजराबाई सपकाळे, अठ्ठावन्न, राहणार धरणगाव.
व्यवसायाच्या रकान्यात कुणीतरी 'घरकाम' लिहिलेलं.
ते तिनं माझ्याकडून खोडून घेतलं.
"दालमिल लिख, माय. एकवीस वरीस व्हयनात."

जळगावचा मे. वॉर्डातला कूलर
वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त फेकतो.
तिच्या उजव्या बरगडीखाली बोटं टेकवून
मी म्हटलं, मावशी, श्वास घ्या, खोल.
घेतला. आणि मधेच अडला,
अंधारात जिन्याची पायरी चुकावी तसा.
सोनोग्राफी नंतर. आधी एवढंच.

दोन वर्षं ती याला पित्त म्हणत राहिली.
लग्नातली वरण-बट्टी, घोटलेल्या वांग्यांवर तेलाचा तवंग,
आणि मध्यरात्री पोटातून थेट खांद्यापर्यंत
कुणीतरी कासरा ओढत नेल्यासारखं.
सोडा पिऊन झाला, ओवा चावून झाला,
सुनेनं मीठ-मोहरीनं दृष्टही काढली.
सकाळी पुन्हा सहाची बस, कामाचा पट्टा.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री पाणी बंद.
ओला बोळा ओठांवरून फिरवते मी.
"इतलंच?"
इतलंच.
टॉर्चच्या उजेडात डोळ्यांचा पांढरा भाग बघते,
हळद उतरली आहे का तिथे.
लघवीचा रंग विचारते. ती आधी पदर तोंडाला लावते,
मग हिशेबाचं सांगावं तसं सांगते :
"चहागत नही. ऊसना रसनागत."
मी लिहून घेते.

दोन वाजता हाक.
"सिस्टर, मन्हा पोटमा खडा कशा ग्यात?
मी तं जलमभर दुसरास्ना काढ्यात."

पट्ट्यावरून तूर वाहत येते, ती सांगत होती,
दिवसभर, पिवळी, थांबत नाही.
पापणी मिटली की एक खडा निसटतो
आणि पुढे जातो, कुणाच्या तरी दाताखाली.
म्हणून ती जेवणाच्या सुट्टीतही
डबा उघडून आधी भात चाचपते.
तिच्या प्रश्नाला पुस्तकात उत्तर आहे :
वय, वजन, चार बाळंतपणं, कोलेस्टेरॉल.
मी सलाईनचे थेंब मोजत राहिले.

मग चार छिद्रं, वर चार पट्ट्या.
"पोट कापं, मंग खांदा का बरं दुखस?"
गॅस भरतात मावशी, तो वर चढतो, चला, उठा.
एक हात माझ्या खांद्यावर, एक पोटावर,
खाटेपासून नळापर्यंत अकरा पावलं.
खोकताना उशी दाबून धरायची.
आणि दर तासाला तोच प्रश्न, सगळा वॉर्ड ऐकत असताना :
वारा सरला का?
दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं स्वतःहून जाहीर केलं,
निकाल लागल्यासारखं.
बेड पंधरानं टाळ्या वाजवल्या.

खडे डबीत आले. मुलानं तोंड फिरवलं.
ती म्हणाली, ताट दे.
ताट नव्हतं, मी किडनी ट्रे दिला.
चष्मा न लावताच तिनं ते पसरले,
बोटाच्या टोकानं एकेक पुढे सारत गेली,
गुळगुळीत इकडे, कोन असलेले तिकडे,
दोन फुटके एकमेकांना लावून पाहिले, जुळले.
डॉक्टरांच्या कागदावर होतं, अंदाजे वीस.
"सत्तावीस," ती म्हणाली.
मी नोंदवहीत सत्तावीस लिहिलं.

सुट्टीच्या दिवशी मी यादी वाचली.
तळण नको. साय नको. शेवभाजी नको.
"भरीत?"
भाजा, पण फोडणी नको.
तिनं माझ्याकडे असं पाहिलं की
मी कागद घडी घातला आणि म्हटलं,
एक चमचा. महिन्याभरानं. आणि माझं नाव सांगू नका.

डबी तिनं कमरेच्या पिशवीत टाकली.
दारातून मागे वळली,
"तू भी रातभर उभीच ऱ्हास," म्हणत
बोटं टेकवली माझ्या बरगडीखाली.
"सास ले. खोल."

बाजू डावी होती.
मी सांगितलं नाही.
श्वास घेतला, पुरता.